दळण कुणाचं, पीठ कुणाचं?

संध्याकाळी गावातल्या चक्कीवर जाऊन थोडा वेळ उभे राहा. कामरगाव असो, कारंजा असो, नाहीतर दहावीस उंबऱ्यांची एखादी वाडी असो, देखावा एकच. डबे, टोपल्या, पिशव्या रांगेने मांडलेल्या असतात. चक्कीवाला डबा उचलतो, काट्यावर ठेवतो, वजन बघतो, दाणे वरच्या पेटीत ओततो. खालून गरम पीठ पडते. डबा भरला की दळणावळीचे पैसे द्यायचे आणि डबा डोक्यावर घेऊन घरचा रस्ता धरायचा. पिठाने पांढरा झालेला चक्कीवाला तोवर पुढचा डबा हाती घेतो.

इतका साधा व्यवहार आहे की त्यात विचार करण्यासारखे काही असेल असे कुणाला वाटत नाही. पण शेतकऱ्याने तो नीट पाहावा. दाणे आपले, पीठही आपले. चक्कीवाला मालाचा मालक होत नाही, तो फक्त कामाची मजुरी घेतो. दाण्यात ओल किती म्हणून तो भाव कापत नाही. दाणा काळा पडला म्हणून डबा परत करत नाही. अडत नाही, हमाली नाही, मापाई नाही. त्याचा दर परवडला नाही, त्याने पीठ जाडे काढले किंवा घट जास्त दाखवली, तर पुढच्या वेळी डबा दुसऱ्या चक्कीवर जातो. हे त्याला ठाऊक असते, म्हणून तो नीट वागतो.

आता याच्या शेजारी आपला दुसरा व्यवहार ठेवा. कापसाची गाडी जिनिंगच्या फाटकातून आत जाते. फाटकापर्यंत कापूस आपला असतो. आत गेला की प्रत दुसरा ठरवतो, ओल दुसरा मोजतो, भाव दुसरा सांगतो. रुई त्याची, सरकी त्याची, सरकीचे तेल आणि ढेपही त्याची. तीच ढेप पुढे आपण आपल्याच बैलासाठी पैसे मोजून विकत आणतो.

चक्कीवर माल दळून घेतला जातो, जिनिंगवर माल विकून टाकला जातो. या दोन शब्दांतल्या फरकात शेतकऱ्याच्या कंगालीचा मोठा भाग लपलेला आहे. तो उलगडावा म्हणून या अंकात नदीकाठच्या चक्क्यांची गोष्ट सांगायची आहे. तिच्यात एक चक्की आपल्या महाराष्ट्रातली आहे, एक मठाची, एक बड्या भांडवलाची आणि एक शेतकऱ्यांनी लढून उभी केलेली. इतिहासाची हौस म्हणून हे सांगत नाही. चक्की कुणाच्या हाती, यावर पीठ कुणाचे हे ठरते, आणि हे जगभर ठरत आले आहे, एवढे पटावे म्हणून सांगतो.

खामकाठची पाणचक्की

वेरूळ-अजिंठ्याच्या सहलीला गेलेल्या बऱ्याच जणांनी छत्रपती संभाजीनगरातली पाणचक्की पाहिली असेल. जुन्या औरंगाबादच्या महमूद दरवाजाजवळ, खाम नदीच्या काठावर ती आहे. तिकीट काढायचे, हौदातले मासे बघायचे, जुन्या वडाखाली बसायचे, भिंतीवरून पडणाऱ्या पाण्यापुढे फोटो काढायचा आणि परत फिरायचे, अशी आपली पाहणी असते. चक्की फिरते कशी आणि दळण कुणाचे व्हायचे, हे विचारणारा विरळा.

हे शहर १६१० साली मलिक अंबरने खडकी या नावाने वसवले. गुलाम म्हणून विकला गेलेला हा हबशी माणूस निजामशाहीचा वजीर झाला. जमीन महसुलाची घडी बसवणारा कारभारी म्हणूनही दख्खनच्या इतिहासात त्याचे नाव आहे. शहर वसवायचे तर पाणी हवे. जवळची नदी बारमाही भरवशाची नाही, ही तेव्हाचीही अडचण होती. त्याने डोंगराकडच्या उंच भागातले जमिनीतले पाणी भुयारी नहरीने शहरात आणले. ती नहर-ए-अंबरी. १६२६ साली मलिक अंबर वारला, पण नहरींची विद्या शहरात राहिली आणि पुढे अशा आणखी नहरी झाल्या. पाणचक्कीची नहर त्यातलीच एक.

पाणचक्की उभी आहे ती बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याला लागून. हे सूफी फकीर मध्य आशियात बुखाऱ्याजवळच्या गिझदुवानकडचे. ते इथे येऊन राहिले आणि त्यांचा तकिया झाला. फकीर, विद्यार्थी, वाटसरू, सैन्यातले शिपाई यांचा तिथे राबता असे. त्या सर्वांना रोज जेवू घालायचे तर रोज पीठ लागणार. तेवढे पीठ हातजात्यावर काढायला किती हात लागतील, याचा हिशेब ज्या घरात मोठे कुटुंब आहे त्या घरातल्या बाईला विचारावा. म्हणून पाण्यावर चालणारी चक्की आली. ती बांधण्याचे श्रेय तुर्कताज खान या सरदाराला देतात आणि पुढचा मोठा हौद व कारंजी जमील बेग खानाच्या नावावर आहेत. सालाबाबत नोंदींचा मेळ नाही. कुठे १६९५ छापलेले आढळते, कुठे १७४४. पण चक्कीचे वय पावणेतीनशे वर्षांच्या खाली येत नाही.

आता तिची करामत पाहा. नदी चक्कीच्या पायथ्याशी आहे, पण नदीच्या पाण्यावर चक्की फिरत नाही. खामचे पाणी खाली वाहते. त्याला पडायला उंची नाही आणि जे पाणी पडत नाही ते जाते ओढत नाही. म्हणून बांधणाऱ्यांनी काही किलोमीटरवरून, हर्सूलच्या बाजूच्या उंचावरून पाणी घेतले. भाजलेल्या मातीच्या नळ्या जमिनीखाली एकाला एक जोडून ते आणले. वाटेत चुन्या-विटांचे मनोरे बांधले. त्यांच्यामुळे नळीत कोंडलेली हवा निघून जाते आणि पाण्याचा दाब आवरला जातो. इंजिन नाही, पंप नाही, विजेची तार नाही, सगळा कारभार उताराचा. शेवटी हे पाणी एका उंच भिंतीत चढते आणि वरून धारेने कोसळते. पाण्याच्या जोराने खालचे चाक फिरते, चाकातला उभा दांडा वरची तळी फिरवतो, खालची तळी स्थिर राहते, मधे दाणा भरडला जातो. आपल्या घरच्या जात्याचेच हे तत्त्व आहे, खुंट्याला हाताऐवजी पाणी लागले इतकेच. दळून झाले की पाणी फुकट जात नाही. ते हौदात साठते. हौदाच्या तळाखाली दालन आहे, म्हणजे हौदाचा तळ हेच त्या दालनाचे छत. उन्हाळ्यात वाटसरूला तिथे गारवा मिळे. उरलेले पाणी मग खाम नदीत जाई.

ज्यांनी हे केले त्यांची अक्कल मानली पाहिजे. पण शेतकऱ्याने आणखी एक प्रश्न विचारावा. चक्कीत पडणारे दाणे कुठून येत? त्या काळी अशा धर्मस्थानांचा खर्च सरदारांच्या देणग्यांवर आणि इनाम गावांवर चालत असे. सरदाराची देणगी म्हणजे शेवटी जहागिरीतल्या रयतेचा सारा. भुकेल्याला अन्न मिळाले, हे पुण्यच. पण त्या पुण्याईच्या पिठात कुणब्याच्या घामाचा वाटा होता आणि चक्कीच्या पाटीवर त्याचे नाव कुठे नाही. शिलालेख बांधणाऱ्याचा असतो, पिकवणाऱ्याचा नसतो.

आज पाणचक्की वक्फ मंडळाच्या ताब्यात आहे. दळण थांबून जमाना झाला, चाक फिरते ते बघ्यांसाठी. शहर वाढले, नहरीच्या वाटेवर बांधकामे झाली, जुन्या नळ्यांना गळती लागली आणि खाम नदी सांडपाण्याने काळवंडली. वास्तू म्हणून ती जपलीच पाहिजे. पण चक्कीचे खरे महत्त्व दगडांत नाही. दाणा आणि भाकरी यांच्या मधल्या वाटेवर ती बसलेली असते, यात ते आहे. त्या जागेवर जो बसतो तो दोन्हीकडून हिशेब घेऊ शकतो. इथे बसलेला दाता होता. सगळीकडे तसे नव्हते.

मठाची गिरणी आणि जप्त झालेली जाती

इंग्लंडात अकराव्या शतकाच्या अखेरीस राजाने साऱ्या मुलखाची मोजणी करवून घेतली. १०८६ सालच्या त्या नोंदवहीत सुमारे सहा हजार चक्क्या सापडतात, त्यातल्या बहुतेक पाण्यावर चालणाऱ्या. बहुतेकींचा मालक जमीनदार नाहीतर मठ. चक्की बांधायला पैसा लागतो आणि बांधल्यावर तो वसूल व्हायला हवा. मालकांनी वसुलीसाठी सोपा मार्ग काढला. गावच्या रयतेने आपले धान्य मालकाच्याच चक्कीवर दळले पाहिजे, अशी सक्ती केली. दळणाचा मोबदला म्हणून धान्याचाच हिस्सा ठेवून घ्यायचा. चक्की लांब असली, रांग मोठी असली, मापात खोट असली, तरी दुसरीकडे जायचे नाही. घरी जाते ठेवले तर तो गुन्हा.

सेंट ऑल्बन्स या गावात चौदाव्या शतकात काय झाले ते ऐका. तिथला मठाधिपती रिचर्ड ऑफ वॉलिंगफोर्ड हा मोठा विद्वान. त्याने बांधवलेल्या खगोलीय घड्याळाचे नाव विज्ञानाच्या इतिहासात आहे. या विद्वानाने गावकऱ्यांच्या घरांतली हातजाती जप्त केली आणि त्यांचे दगड मठाच्या बैठकीच्या जमिनीत फरशी म्हणून बसवले. मठात कामासाठी येणाऱ्या रयतेने आपल्याच जात्यांवर पाय देऊन चालायचे. पन्नासएक वर्षे लोक त्या फरशीवरून चालले. १३८१ साली इंग्लंडात शेतकऱ्यांचा मोठा उठाव झाला, तेव्हा सेंट ऑल्बन्सचे लोक मठात शिरले. त्यांनी ती फरशी उखडली, दगड फोडले आणि त्याचे तुकडे प्रसाद वाटावा तसे एकमेकांना वाटून घरी नेले.

उठाव मोडला गेला, पुढारी फासावर गेले. पण त्या लोकांना मठातले सोने-चांदी न सुचता जात्याचे तुकडे का सुचले, हे कोरडवाहू शेतकऱ्याला समजावून सांगावे लागणार नाही. त्यांचे भांडण गिरणीशी नव्हते. गिरणी सोयीची असती तर ते आपण होऊन गेले असते. त्यांचे भांडण सक्तीशी होते.

ही गोष्ट परकी वाटत असेल तर आपल्याकडे पाहा. महाराष्ट्रात १९७१ साली कच्च्या कापसाचा कायदा झाला आणि १९७२ पासून एकाधिकार खरेदी सुरू झाली. राज्यात पिकलेला कापूस एकाच दुकानात घालायचा, दुसऱ्या कुणाला विकायचा नाही, सीमेपलीकडे न्यायचा नाही. हेतू शेतकऱ्याच्या कल्याणाचा सांगितला गेला. व्यापाऱ्याच्या लुटीतून सुटका म्हणून काहींनी तिचे स्वागतही केले. पण मध्य प्रदेशाच्या नाहीतर आंध्राच्या हद्दीवर स्वतःच्याच कापसाची गाडी चोरासारखी अंधारात हाकावी लागे, हे विदर्भातले वडीलधारे अजून सांगतात. ती व्यवस्था आता गेली. तिची आठवण ठेवायची ती एवढ्यासाठी, की गिरणी मठाची असो, सावकाराची असो की सरकारची, दुसऱ्या गिरणीवर जाण्याची वाट बंद झाली की पहिली गिरणी माजते.

मिसिसिपीकाठचे गिरणीवाले

सक्तीचा कायदा नसतानाही सक्ती होऊ शकते. ते अमेरिकेत दिसले.

मिसिसिपी नदीवर मिनिआपोलिस शहरात धबधबा आहे. त्या पाण्याच्या जोरावर एकोणिसाव्या शतकात नदीकाठी पिठाच्या प्रचंड गिरण्या उभ्या राहिल्या. १८७४ साली बांधलेली वॉशबर्न 'ए' गिरणी त्यातली सर्वांत नावाजलेली. २ मे १८७८ रोजी तिथे हवेत तरंगणाऱ्या पिठाच्या धुळीने पेट घेतला आणि स्फोटात १८ माणसे मेली. दोन वर्षांत गिरणी पुन्हा उभी राहिली. दगडी तळ्यांच्या जागी पोलादी रूळ आले. रुळाच्या गिरणीत गव्हाचा कोंडा आणि कोंब वेगळे काढता येतात, म्हणून पीठ पांढरे निघते आणि महिनोन्‌महिने टिकते. पीठ टिकते म्हटल्यावर ते जगभर पाठवता येते. १८८० नंतर जवळजवळ अर्धे शतक मिनिआपोलिस ही जगाची पिठाची राजधानी होती.

गहू पिकवणाऱ्याला त्यातून काय मिळाले? मिनेसोटा आणि डाकोटाच्या माळांवरचा शेतकरी आपल्यासारखाच पावसावर जगणारा. त्याच्यापुढे गिऱ्हाईक मात्र एकच. गिरणीवाल्यांनी आपली संघटना करून गहू एकत्र खरेदी करायला सुरुवात केली होती. कुठल्याही स्टेशनावर जा, खरेदीदार त्यांचाच. गव्हाची प्रत ठरवायला ते पितळेचे एक छोटे भांडे वापरत. भांड्यात गहू भरायचा, वजन करायचे, त्यावरून प्रत. भांडे कसे भरले, दाबून की सैल, यावर शेतकऱ्याचे वर्ष ठरायचे. १८७८ च्या निवडणुकीत हे पितळी भांडेच मिनेसोटात प्रचाराचा मुद्दा झाले. १८८५ साली तिथल्या राज्याला धान्याची तपासणी आणि प्रतवारी आपल्या हाती घ्यावी लागली.

भांडण एवढ्याने मिटले नाही. १९१६ साली उत्तर डाकोटात गव्हावर तांबेरा पडला. दाणा हलका झाला. खरेदीदारांनी तो जनावरांच्या चाऱ्याच्या प्रतीत टाकून मातीमोल भावाने घेतला. तिथल्या कृषी महाविद्यालयात एडविन लॅड नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते. त्यांनी तो हलका गहू दळून, पिठाचे पाव भाजून पाहिले. ज्या गव्हाला चाऱ्याचा भाव मिळाला होता त्याचे पीठ माणसाच्या पावाला चांगले चालत होते. म्हणजे खरेदी चाऱ्याच्या भावाने आणि विक्री पिठाच्या भावाने. शेतकऱ्याला आपण लुटले जातो हे कळत होतेच. लॅड यांनी ते मोजून दाखवले.

बोंडात ओल लागलेला कापूस, वेचणीच्या शेवटची फरतड, कापणीच्या पावसात काळी पडलेली ज्वारी, डागी सोयाबीन यांचे भाव कोसळलेले आपण दरसाल पाहतो. तो माल पुढे कुठल्या कामाला जातो आणि तिथे काय भावाने विकला जातो, हे मोजून सांगणारा कुणी आपल्याला आजवर किती वेळा भेटला?

डाकोटाच्या शेतकऱ्यांनी राज्याची स्वतःची धान्य कोठारे हवीत म्हणून मतदान केले होते. १९१५ साली विधिमंडळाने ते धुडकावले. त्याच वर्षी त्यांनी नॉन-पार्टिझन लीग नावाची संघटना बांधली आणि १९१६ साली आपला माणूस गव्हर्नर केला. १९१९ साली राज्याची बँक काढली आणि १९२२ साली ग्रँड फोर्क्स या रेड नदीकाठच्या शहरात राज्याच्या मालकीची पिठाची गिरणी सुरू केली. ती आजही चालू आहे. वॉशबर्न गिरणी १९६५ साली बंद पडली आणि आता तिथे संग्रहालय आहे.

सरकारी मालकीचा हा उतारा आपण उचलावा, असे या गोष्टीचे तात्पर्य नाही. आपल्याकडच्या सरकारी दुकानांचा अनुभव आताच सांगितला. तात्पर्य वेगळे आहे. त्या शेतकऱ्यांनी गव्हाला चार पैसे वाढवून द्या एवढेच मागितले नाही. गव्हाचे पीठ होते त्या जागेवर आपला हात पोचला पाहिजे, हे त्यांनी ओळखले.

आपले जाते, आपली चक्की

आपल्या भागात पाणचक्क्या रुजल्या नाहीत, त्याचे कारण उघड आहे. वऱ्हाडच्या नद्या पावसाळ्यात धावतात आणि उन्हाळ्यात वाळू दाखवतात. पाण्याला वर्षभर पडायला ना धार, ना उंची. म्हणून इथे पाण्याचे काम बाईच्या दंडाने केले. कोंबडा आरवायच्या आधी उठायचे, जात्यावर बसायचे, दिवसाचे पीठ काढायचे आणि मग निंदणाला नाहीतर वेचणीला जायचे. त्या ओव्यांचे आपण कौतुक करतो. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी गावोगाव फिरून लाखाहून अधिक ओव्या जमवल्या आणि मोठे काम केले. पण ओवी गोड म्हणून जात्याचे कष्ट गोड होत नाहीत. डिझेल इंजिनाची टुकटुक गावात आली, पुढे विजेची मोटर आली, त्या दिवशी आपल्या मायबहिणींच्या डोक्यावरून जेवढे ओझे उतरले तेवढे कुठल्या योजनेने उतरवले असेल याची शंका आहे. कुणी फर्मान काढले नव्हते, कुणाचे जाते जप्त केले नव्हते. सोय दिसली, परवडली, बाया चक्कीवर गेल्या. उद्योग गावात असा यावा लागतो.

गावची चक्की टिकली त्याला ज्वारीचा मोठा आधार आहे. रुळाच्या गिरणीतले गव्हाचे पांढरे पीठ महिनोन्‌महिने टिकते. ज्वारीचे पीठ तसे टिकत नाही. कोंबातला स्निग्धांश पिठात मिसळलेला राहतो, थोड्या दिवसांत पीठ कडवट होते, चिकी जाते, भाकरी थापताना फाटते. म्हणून ज्वारी आठवड्याची आठवड्याला दळावी लागते. ती दूरच्या एका अजस्त्र गिरणीत दळून देशभर पाठवणे सोपे नाही. जिला गरिबाचे धान्य म्हणून नाक मुरडले, त्या ज्वारीने गावोगावच्या चक्क्या जिवंत ठेवल्या.

आता चक्कीवरचे डबे उघडून पाहा. ज्वारीचे डबे कमी झाले, गव्हाचे वाढले, त्यातला कितीतरी गहू रेशनचा. शेतात ज्वारीच्या जागी सोयाबीन उभे आहे. १९७२ च्या दुष्काळात परदेशची लाल मिलो खाऊन आपण दिवस काढले, तेव्हा ज्वारी नव्हती कारण पाऊस नव्हता. आज पाऊस असूनही ज्वारी नाही, कारण भाव नाही. त्यात रानडुक्कर आणि पाखरे. ज्याने ज्वारी सोडली त्याचे काही चुकले नाही, आणि पौष्टिक आहे म्हणून ज्वारी पेरा असा उपदेश आम्ही करणार नाही. २०२३ हे साल जगाने भरडधान्याचे वर्ष म्हणून साजरे केले. शहरात ज्वारीच्या लाह्या, बिस्किटे, पिठाची पाकिटे आली. २०२५-२६ साठी संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३,६९९ रुपये जाहीर झाला, म्हणजे किलोला ३७ रुपये. पुढच्या वेळी अमरावतीला नाहीतर अकोल्याला गेलात की दुकानातल्या ज्वारीच्या पिठाच्या पाकिटावरची किंमत वाचा. आपल्याला बाजारात हाती पडलेला भाव शेजारी लिहा आणि मधल्या पैशांना नाव द्या.

कापसाची कथा तीच. मूर्तिजापूर-कारंजा-यवतमाळची शकुंतला गाडी विलायती कंपनीने टाकली ती कापूस इथून बाहेर काढायला. क्विंटलभर कापसातून रुई निघते साधारण तिसरा हिस्सा, बाकी सरकी. रुईचा बाजार वेगळा, सरकीचा वेगळा, ढेपेचा वेगळा. शेतकऱ्याला फक्त कापसाचा बाजार माहीत, कारण पुढच्या तिन्ही बाजारांत त्याच्याकडे विकायला काही उरलेलेच नसते.

चक्कीचा कायदा

मग करायचे काय? गावची चक्की ज्या रीतीने चालते ती रीत आपल्या बाकी मालाला लावायची. रीत एका वाक्याची आहे. मजुरी द्यायची, मालकी द्यायची नाही.

पहिली गोष्ट तुरीची. कापसाच्या ओळींत आपण तूर घेतो आणि अख्खी विकतो. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने 'पीकेव्ही मिनी डाळ मिल' तयार केली, ती गावात बसते. जिथे ती आहे तिथे तूर विकू नका, भरडून घ्या. डाळ आपली, चुनी आपल्या जनावरांची. घरी लागेल ती ठेवा, बाकीची डाळ विका. जिथे मिल नाही तिथे ती चक्कीवाल्याच्या शेजारी उभी राहील का, हे चक्कीवाल्याशीच बोला. धंदा त्याला कळतो.

दुसरी गोष्ट कापसाची. एकट्याच्या दहा क्विंटलासाठी जिनिंगवाला यंत्र थांबवणार नाही. पण गावाने मिळून गाड्या भरल्या तर मजुरीवर सरकी काढून देण्याची बोली करता येते. २००२ च्या कायदा दुरुस्तीने शेतकऱ्यांना उत्पादक कंपनी काढता येते. बोर्ड लावण्यासाठी काढलेल्या कंपन्या पुष्कळ झाल्या, या कामासाठी काढून बघा. त्यात धोका आहे. रुईचा भाव पडू शकतो, पैसा अडकू शकतो. म्हणून सारा कापूस त्यात घालू नका, थोड्यापासून सुरुवात करा. फायदा पहिल्या वर्षी दिसेलच असे नाही. पण आपल्या कापसात रुईचा उतारा किती आहे हे पहिल्यांदा आपल्याला कळेल, आणि दुसऱ्या दिवशी फाटकावर भाव करताना ती माहिती खिशात असेल.

तिसरी गोष्ट मापाची. डाकोटाला लॅड भेटले, आपण आपले लॅड व्हावे. गावात ओल मोजायचे एक यंत्र घ्या. माल निघण्याआधी घरी मोजा, नमुना पिशवीत बांधून ठेवा. पितळी भांड्याला उत्तर म्हणजे आपले स्वतःचे भांडे.

आणि चौथी गोष्ट, जी सर्वांत जपायची. वाट बंद होऊ द्यायची नाही. अमुकच दुकानात घाला, अमुकच गिरणीवर दळा, हद्दीपलीकडे नेऊ नका, असे कुणीही आपल्या भल्यासाठी म्हणून सांगू लागला, मग तो कुठल्याही रंगाचा असो, तर सेंट ऑल्बन्सची फरशी आठवा. चक्कीवाला सरळ वागतो तो साधू आहे म्हणून नव्हे. डबा उचलून दुसरीकडे नेण्याची ताकद आपल्या हातात असते, म्हणून.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने तीन आकडे आणावेत. गावात चक्क्या किती आणि त्यांवर ज्वारीचे दळण किती. गावातून अख्खी तूर किती क्विंटल बाहेर गेली आणि तूरडाळ किती किलो विकत आत आली. जवळच्या जिनिंगवर मजुरीने सरकी काढून देण्याचा दर काय, किंवा मिळालेला नकार कोणत्या शब्दांत. हे आकडे कुठल्या सरकारी पुस्तकात मिळणार नाहीत. ते आपणच गोळा करायचे आहेत. आकडे समोर आले की पुढचे भाषण कुणी करायची गरज राहणार नाही.

आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, ही म्हण आपल्या आज्यांनी जात्यावर बसून शिकवली. दळणाऱ्याचे हात त्यांना ठाऊक होते, कुत्रेही ठाऊक होते. म्हणीत दोष कुत्र्याचा कमी आहे. पीठ उघडे सापडले तर कुत्रे खाणारच. डोळे उघडून दळणे एवढेच आपल्या हाती आहे.